मागापासून मोटारीपर्यंत : टोयोटाचा उत्कर्ष आणि ठाणे-कल्याणचा अनुभव

कल्याणहून शीळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डोंबिवलीच्या शिवेला, ‘प्रीमियर कॉलनी’ आणि ‘प्रीमियर मैदान’ ही नावे आजही रिक्षावाल्यांच्या आणि बसवाहकांच्या तोंडी रुळलेली आहेत. परंतु ज्या मोटार-कारखान्यामुळे ती नावे त्या भूमीला मिळाली तो कारखाना बंद पडून बरीच वर्षे लोटली, आणि आज त्याच रस्त्यावर अहोरात्र वाहनांची जी रीघ लागते तिच्यात सुझुकी, टोयोटा, होंडा अशा जपानी नावांच्या मोटारींचे प्राबल्य कोणाच्याही नजरेत भरावे असे आहे. देशातील अगदी आरंभीच्या मोटार-कारखान्यांपैकी एकाचा विस्तार ज्या परिसरात झाला त्या परिसरात त्या उद्योगाची केवळ नावे उरावीत, आणि लोखंडासाठी व तेलासाठी परमुलखाकडे पाहावे लागणाऱ्या जपानातील एका यंत्रमाग करणाऱ्या घराण्याने मात्र जगातील सर्वांत मोठा मोटार-उद्योग उभारावा, ही गोष्ट नुसते आश्चर्य व्यक्त करून सोडून देण्यासारखी नाही. टोयोटाच्या वाढीचा इतिहास आणि ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील कारखानदारीचा अनुभव हे दोन्ही शेजारी ठेवले म्हणजे परस्परांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो, अशी माझी धारणा आहे, आणि म्हणूनच हा आढावा.

जपानी माणूस जात्याच कष्टाळू आणि शिस्तप्रिय, आणि आपला माणूस तसा नाही, असे एक उत्तर आपल्याकडे वर्षानुवर्षे दिले जाते. हे उत्तर मला मुळीच मान्य नाही. याच कष्टाळू माणसांच्या टोयोटा कंपनीत १९५० साली दोन महिने संप चालला होता, कंपनी दिवाळखोरीच्या दारात उभी होती आणि संस्थापकाला आपले पद सोडावे लागले होते. उलट लोकलच्या दाराशी लोंबकळत डोंबिवलीहून कुर्ल्याला जाऊन पाळी भरणाऱ्या आपल्या कामगाराच्या कष्टाळूपणाविषयी शंका घेण्याचा अधिकार कोणालाच नाही. मोटारीचा कारखाना वाढतो तो मुख्यत्वे स्वतःच्या भिंतीबाहेर वाढतो. सुटे भाग करून देणाऱ्या लहान कारखानदाराच्या भरवशात, कामगाराच्या विश्वासात आणि सरकारने दिलेल्या मुभेत त्याची मुळे असतात. ती मुळे जपानात कशी धरली आणि आपल्याकडे का धरली नाहीत, हा खरा प्रश्न आहे.

टोयोटा उभारणाऱ्या घराण्याचे मूळपुरुष साकिची टोयोडा यांचा जन्म १८६७ साली मध्य जपानातील एका खेड्यात सुताराच्या घरी झाला. गावातील स्त्रियांना हातमागावर करावे लागणारे कष्ट पाहून त्यांनी माग सुधारण्याचा ध्यास घेतला, १८९१ साली लाकडी हातमागाचे पहिले एकस्व मिळविले, आणि पुढील तीन दशके अनेकदा कर्जबाजारी होऊनही तो ध्यास सोडला नाही. १९२४ साली त्यांनी आणि त्यांचे चिरंजीव किइचिरो यांनी जो स्वयंचलित माग सिद्ध केला त्याचे वैशिष्ट्य असे की, माग न थांबविता त्याचा धोटा बदलता येत असे, आणि सूत तुटले की माग आपोआप थांबत असे. दुसऱ्या वैशिष्ट्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण टोयोटाच्या मोटारीचे सारे तत्त्वज्ञान त्याच्यात बीजरूपाने आहे. सदोष कापड विणत राहण्यापेक्षा थांबणे बरे, आणि यंत्र स्वतःच थांबत असल्यामुळे एका बाईला अनेक मागांवर देखरेख ठेवता येते, ही ती कल्पना होय. १९२६ साली मागांचा कारखाना निघाला आणि १९२९ साली इंग्लंडमधील लँकशायरच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने त्या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेण्याचा करार केला. ज्या लँकशायरने जगाला माग विकले त्या लँकशायरने जपानी सुताराच्या मुलाची कल्पना विकत घ्यावी, हा त्या काळी लहान प्रसंग नव्हता. सुझुकी कंपनीचा प्रारंभही १९०९ साली हामामात्सु येथे मागांच्या कारखान्यानेच झाला, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे.

मागाचा उल्लेख आला की ठाणे जिल्ह्यातील वाचकाला भिवंडी आठवल्यावाचून राहणार नाही. कल्याणच्या खाडीपलीकडे वसलेल्या या गावात यंत्रमागांची संख्या एका काळी लाखांच्या घरात गेली आणि देशातील यंत्रमागाच्या कापडाचे ते प्रमुख केंद्र बनले. पण भिवंडीत माग चालविले गेले. माग घडविले गेले नाहीत. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग स्वस्तात घेऊन, दुरुस्त करून, अपुऱ्या विजेवर आणि सावकारी भांडवलावर ते चालविण्यात तेथील मालकांनी व कारागिरांनी जी हिकमत दाखविली तिचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र दुसऱ्याने टाकलेले यंत्र चालते ठेवण्याच्या विद्येतून नवे यंत्र निर्माण करण्याची विद्या निपजावी, तर त्यासाठी ओतशाळा, हत्यारशाळा, अभियंते आणि दीर्घ मुदतीचे भांडवल यांची जोड लागते. ती भिवंडीला कोणी दिली नाही. टोयोडांच्या नागोया परिसरात यंत्रमागाकडून मोटारीकडे जाणारी वाट निघाली. भिवंडीत ती निघू शकली नाही, आणि त्याचा दोष विणकराच्या कपाळी मारता येत नाही.

किइचिरो टोयोडा यांनी १९३३ साली मागांच्या कारखान्यातच मोटार-विभाग उघडला. १९३५ साली त्यांचा पहिला मालट्रक बाहेर पडला आणि १९३६ साली पहिली प्रवासी मोटार. ते पहिले ट्रक वाटेत वारंवार मोडत. कंपनीची माणसे जागेवर जाऊन ते विनामूल्य दुरुस्त करून देत आणि प्रत्येक मोडतोडीची नोंद कारखान्यात आणून भागांची रचना बदलीत. परंतु त्या नाजूक अवस्थेत हे अपत्य जगले याचे श्रेय केवळ संस्थापकांच्या चिकाटीला देणे इतिहासाला धरून होणार नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्या १९२० च्या दशकापासून योकोहामा आणि ओसाका येथे मोटारींची जोडणी करीत होत्या, आणि त्यांच्यापुढे टोयोडांचा टिकाव लागणे दुरापास्त होते. १९३६ साली जपानी सरकारने मोटार-उद्योगाचा कायदा करून ज्या कंपन्यांचे बहुसंख्य भाग जपानी मालकांकडे असतील त्यांनाच मोठ्या प्रमाणावर उत्पादनाचा परवाना देण्याचे ठरविले. टोयोडा आणि निस्सान यांना तो मिळाला, आणि १९३९ पर्यंत अमेरिकन कंपन्यांचा कारभार आटोपला. या कायद्यामागे लष्कराची युद्धलालसा होती, आणि त्या युद्धाने आशियाला काय भोगावयास लावले हे विसरून त्याची स्तुती करणे मला शक्य नाही. तरीही, २८ ऑगस्ट १९३७ रोजी टोयोटा मोटर कंपनी स्वतंत्रपणे स्थापन झाली ती या संरक्षणाच्या छायेत, ही वस्तुस्थिती आहे.

नेमक्या याच वर्षांत मुंबईत काय चालले होते? जनरल मोटर्सने १९२८ पासून शिवडी येथे मोटारींची जोडणी सुरू केली होती. सर विश्वेश्वरय्या यांनी मुंबई इलाख्यात संपूर्ण स्वदेशी मोटार-कारखाना काढण्याची योजना आकडेमोडीसह तयार केली होती, आणि १९३७ साली अधिकारारूढ झालेल्या इलाख्याच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने तिला साहाय्य देण्याची तयारीही दाखविली होती. दिल्लीच्या हिंदुस्थान सरकारने मात्र त्या तजविजीला हात दिला नाही. शोलापुरात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी ती योजना उराशी धरली, अमेरिकेस जाऊन क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली, आणि युद्धाच्या धामधुमीत सरकारदरबारी पुन्हा पुन्हा अर्ज करून नकार पचविले. त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या परवान्याची पहिली वाहने बाहेर पडली ती १९४७ साली. (कुर्ला हे १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्यातील साष्टी तालुक्यातच मोडत होते.) टोयोटाला तिच्या सरकारने जी दहा वर्षे दिली, ती वालचंदांना त्यांच्या परक्या सरकारने नाकारली; आपल्या औद्योगिक इतिहासाचा कोणताही हिशेब या नोंदीपासून सुरू व्हावयास हवा.

तरीही १९५० साली या दोन कंपन्यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडलेले नव्हते. त्या वर्षी टोयोटाचे उत्पादन साडेअकरा हजारांच्या आसपास होते, आणि त्यांत बहुसंख्य मालट्रकच होते. युद्धोत्तर चलनसंकोचाने जपानी बाजार थिजला होता, बँकांनी कर्ज देताना विक्रीची कंपनी वेगळी करण्याची आणि कामगार कमी करण्याची अट घातली होती, आणि कोणालाही कामावरून काढणार नाही असा शब्द देऊन बसलेल्या किइचिरोंना तो शब्द मोडावा लागत होता. एप्रिलमध्ये सुरू झालेला संप जूनमध्ये मिटला तो सुमारे दोन हजार कामगारांनी नोकरी सोडल्यावर आणि स्वतः किइचिरोंनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिल्यावर. कामगारांना घरी पाठवायचे तर आधी मी जातो, ही त्यांची भूमिका पुढे कंपनीच्या नैतिक भांडवलाचा भाग बनली. त्याच महिन्यात कोरियात युद्ध भडकले आणि अमेरिकन सैन्याने दिलेल्या हजारो ट्रकांच्या मागणीने कंपनी वाचली. किइचिरो १९५२ साली वारले, वालचंद १९५३ साली. दोघांनाही आपल्या मोटारींचा पुढील प्रवास पाहावयास मिळाला नाही.

पुढील वीस वर्षांत टोयोटाने जे केले ते या इतिहासाचे हृदय आहे. ताइची ओनो हे अभियंते टोयोडांच्या सूतगिरणीतून १९४३ साली मोटार कंपनीत आले होते, आणि गिरणीत एक बाई अनेक माग सांभाळते तर मोटारीच्या कारखान्यात एक माणूस एकाच यंत्रापाशी का उभा राहतो, हा प्रश्न त्यांनी तेथे विचारला. कंपनीजवळ गोदामे भरून ठेवण्याइतका पैसा नव्हता, विस्तीर्ण जागा नव्हती, आणि डेट्रॉईटप्रमाणे एकाच नमुन्याच्या लाखो मोटारी खपविण्याइतका बाजारही नव्हता. या दारिद्र्यातून जी पद्धत निपजली ती अशी की, पुढच्या कामगाराने मागच्याकडे चिठ्ठी पाठवावी आणि चिठ्ठीत असेल तेवढाच माल मागच्याने करून द्यावा. या चिठ्ठीला जपानीत ‘कानबान’ म्हणतात, आणि १९६३ च्या सुमारास ती टोयोटाच्या सर्व कारखान्यांत लागू झाली. पत्र्याला आकार देणाऱ्या अजस्र दाबयंत्रांचे साचे बदलण्यास पूर्वी तास लागत. सततच्या प्रयोगांनी ते काम मिनिटांवर आणण्यात आले, आणि त्यामुळे थोड्या थोड्या संख्येत निरनिराळे भाग करणे परवडू लागले. दोष दिसताच कोणत्याही कामगाराने दोरी ओढून संपूर्ण जोडणीची रांग थांबवावी, असा त्याला अधिकार देण्यात आला. सूत तुटल्यावर थांबणारा माग तो हाच. ज्या कारखान्यात रांग थांबली की साहेब ओरडतो, तेथे दोष झाकला जातो आणि गिऱ्हाइकाच्या दारी उघडा पडतो; ज्या कारखान्यात रांग थांबविणाऱ्याजवळ मुकादम मदतीला धावतो, तेथे दोषाचे मूळ सापडते. लाखो रुपयांच्या यंत्रसामग्रीला थांबविण्याची मुखत्यारी सामान्य कामगाराच्या हाती देणे हा शतकातील मोठा सामाजिक निर्णय होता, असे मी मानतो.

परंतु चिठ्ठीची ही पद्धत कारखान्याच्या फाटकापाशी संपली असती तर तिचा काही उपयोग झाला नसता, कारण मोटारीच्या हजारो भागांपैकी बहुसंख्य भाग बाहेरच तयार होतात. टोयोटाने आपल्या पुरवठादारांची संघटना १९४३ सालीच उभी केली होती. १९४९ साली विजेच्या उपकरणांचा आपला विभाग तिने वेगळा काढला; तीच आजची डेन्सो ही जगद्विख्यात कंपनी. कोरोमो या रेशमाच्या धंद्यावर जगणाऱ्या गावाभोवती, जे १९५९ पासून टोयोटाच्याच नावाने ओळखले जाते, काही कोसांच्या परिघात शेकडो लहानमोठे कारखाने वसले, आणि दिवसातून अनेकदा माल पोहोचविण्याचा शिरस्ता पडला. पुरवठादाराशी दरवर्षी नव्या निविदेने घासाघीस करण्याऐवजी त्याच्याशी वर्षानुवर्षांचा संबंध ठेवावा, त्याच्याकडे आपले अभियंते पाठवावेत, त्याचा खर्च कमी करून द्यावा आणि त्या बचतीत दोघांनी वाटा घ्यावा, ही रीत होती. तिच्यातही जुलूम होता. मोठ्याच्या गोदामाचा भार लहानाच्या माथी मारला जातो ही तक्रार जपानातही झाली आणि ती खोटी नव्हती. पण लहान कारखानदार त्या जुलमाखाली मेला नाही, तर मोठा झाला, एवढा फरक इतिहासाने नोंदविला आहे.

ठाण्याजवळ अशा परिघाचे साहित्य नव्हते असे म्हणण्याची सोय नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या पहिल्या वसाहतींपैकी एक. पाठोपाठ डोंबिवली, अंबरनाथ आणि ठाणे-बेलापूर पट्टा. कळव्यास मुकंदचे पोलाद होते, भांडुपला सीएटचे टायर होते, मुंब्र्याजवळ भारत गिअर्सचे दंतचक्रांचे काम सुरू झाले. वागळे इस्टेटच्या गाळ्यागाळ्यांतून लेथ आणि मिलिंग यंत्रे चालविणारे, सूक्ष्म मापाचे काम बिनचूक करून देणारे कारागीर होते, आणि त्यांतील कित्येक जण व्हीजेटीआय वा शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकून, आधी मोठ्या कारखान्यात उमेदवारी करून, मग कर्ज काढून स्वतःचा गाळा घेतलेले मराठी तरुण होते. या लोकांविषयी मला अपार आदर आहे. त्यांना उणीव होती ती एकाच गोष्टीची: उद्या मागणी किती येईल, परवा किती, आणि पाच वर्षांनी किती, याची शाश्वती त्यांना कोणी देऊ शकत नव्हते.

कारण ती शाश्वती देणे प्रीमियरच्याही हाती नव्हते. १९५३ च्या जकात आयोगाच्या शिफारशींनंतर नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना निरोप मिळाला, हे योग्यच झाले. पण त्यानंतर स्वदेशी कारखान्यांनी किती मोटारी करायच्या याचा परवाना सरकारने स्वतःच्या हाती ठेवला, मोटार म्हणजे चैनीची वस्तू असे मानून तिच्यावर कर बसविले, आणि पुढे तिची किंमतही हुकुमाने ठरविली; किंमत-नियंत्रणाचा तो वाद प्रीमियरला सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. १९५४ सालच्या फियाट ११०० च्या वंशातील मोटार, १९७० च्या दशकापासून ‘पद्मिनी’ या नावाने, शतक संपेपर्यंत बनत राहिली. मुंबईच्या रस्त्यांवरची तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. नावनोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहणारे गिऱ्हाईक दारात उभे असताना नमुना सुधारण्याची निकड मालकाला वाटत नाही आणि नवे भाग करण्याचे काम लहान कारखानदाराला मिळत नाही. १९८० साली साऱ्या भारतात सुमारे तीस हजार प्रवासी मोटारी तयार झाल्या. त्याच वर्षी एकट्या टोयोटाने तीस लाखांहून अधिक वाहने केली. वार्षिक दहा लाखांचा टप्पा तिने १९६८ सालीच ओलांडला होता.

कामगारांच्या बाबतीत दोन्हीकडचा मार्ग १९५० नंतर फुटला. टोयोटाने १९५१ साली कामगारांच्या सूचना मागविण्याची योजना सुरू केली, आणि १९६२ साली व्यवस्थापन व संघटना यांनी परस्परविश्वासाचे संयुक्त निवेदन काढले. नोकरीची हमी एका बाजूने, उत्पादकता वाढविण्यास सहकार्य दुसऱ्या बाजूने, असा तो करार होता. कुर्ल्यास मात्र प्रोत्साहन-वेतनाच्या कराराचा तंटा दोन संघटनांच्या चुरशीत सापडून न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली त्यावर दिलेला निकाल कामगार-कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही वाचावा लागतो. त्या दशकाच्या अखेरीस डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली तेथील कामगारांनी मोठी वेतनवाढ मिळविली. ती मिळविण्यात अन्याय काहीच नव्हता. डोंबिवलीच्या चाळीत दोन खोल्यांत सहा माणसांचा संसार करणाऱ्या कुशल कामगाराला चांगला पगार मागण्याचा पूर्ण हक्क होता. दुर्दैव असे की, पगाराचा आकडा हाच दोन्ही पक्षांतील एकमेव विषय उरला. मोटार अधिक चांगली कशी होईल याविषयी कामगाराला काही सांगायचे असेल, हे कोणाच्या ध्यानीही आले नाही.

प्रीमियरने १९८५ साली ११८ एनई ही मोटार बाजारात आणली. तिचा सांगाडा फियाटच्या १२४ या मोटारीचा होता, आणि इंजिन व गिअरबॉक्स जपानच्या निस्सानची होती. म्हणजे जपानी यंत्र आपल्या परिसरात आले, आणि ते उत्तम होते. तथापि त्या यंत्राबरोबर ते घडविणारी व्यवस्था आली नाही, आणि दोन वर्षांपूर्वीच दिल्लीजवळ सुरू झालेल्या मारुतीने सुझुकीची मोटार, तिचे पुरवठादार आणि तिची कार्यपद्धती ही तिन्ही एकदम आणल्यामुळे प्रीमियरचा बाजार ओसरत गेला. खुल्या धोरणानंतर १९९० च्या दशकात कंपनीने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी करून ३०९ ही मोटार कल्याण-शीळ रस्त्यावरील डोंबिवलीजवळच्या आपल्या कारखान्यात काढली, आणि जवळजवळ त्याच सुमारास कुर्ल्यात फियाटशी दुसरी सोयरीक केली. फियाट ऊनोसाठी अडीच लाखांवर लोकांनी आगाऊ रक्कम भरून नावे नोंदविली. कामगार-तंट्यामुळे मोटारी मात्र वेळेवर निघाल्या नाहीत. प्यूजोने काही वर्षांतच काढता पाय घेतला. पुढे डोंबिवलीच्या जागेवर निवासी मनोरे उभे राहिले. कारखान्याखालच्या जमिनीची किंमत कारखान्यातील उत्पन्नाहून वरचढ झाली की ठाणे जिल्ह्यात काय होते, हे एकट्या प्रीमियरच्या बाबतीतच दिसलेले नाही.

जगातील टोयोटाचा विस्तार आता थोडक्यात पाहावा. १९५७ साली अमेरिकेत पाठविलेली तिची क्राउन मोटार तेथील महामार्गांवर धापा टाकू लागली आणि १९६० साली ती माघारी घ्यावी लागली. १९६६ ची कोरोला, १९७३ चे तेलसंकट, १९८९ ची लेक्सस, १९९७ ची विजेचे साहाय्य घेणारी प्रिअस, अशा पायऱ्यांनी ती २००८ साली जनरल मोटर्सची ७७ वर्षांची आघाडी मोडून जगात पहिली झाली. यांतील एका प्रकरणापाशी थांबणे अवश्य आहे. कॅलिफोर्नियातील फ्रेमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, तंटे आणि निकृष्ट माल यांसाठी कुप्रसिद्ध होऊन १९८२ साली बंद पडला होता. १९८४ साली टोयोटाने भागीदारीत तो पुन्हा उघडला, संघटना तीच ठेवली, बहुतांश कामगारही तेच घेतले, त्यांना रांग थांबविण्याची दोरी दिली, आणि अल्पावधीत तेथील मोटारी जपानी मोटारींच्या तोडीच्या निघू लागल्या. जातिस्वभावाच्या सिद्धान्ताला यापेक्षा सबळ उत्तर मला ठाऊक नाही.

भारतात टोयोटाचे पहिले पाऊल दिल्लीच्या डीसीएम समूहाबरोबर १९८० च्या दशकात पडले. हलक्या मालट्रकांचा तो प्रयोग टिकला नाही. दुसरे पाऊल मराठी घराण्याच्या सोबतीने पडले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, लोखंडी नांगर केला, आणि औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. शेतकऱ्याच्या नांगराकडून यंत्रोद्योगाकडे जाणारी ही वाट साकिचींच्या वाटेला किती समांतर आहे! त्यांच्या चौथ्या पिढीतील विक्रम किर्लोस्कर यांनी १९९५ साली टोयोडांबरोबर भागीदारी केली ती प्रथम कापड-यंत्रांची, आणि १९९७ साली मोटारींची. बंगळूरजवळ बिडदीस कारखाना निघाला, २००० साली क्वालिस आणि २००५ साली इनोव्हा रस्त्यावर आली. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथून शिर्डीला, कोकणात किंवा विमानतळावर माणसे नेणाऱ्या भाड्याच्या गाड्यांच्या मालकांनी ही मोटार आपलीशी केली, कारण लाखो किलोमीटर धावूनही तिचे इंजिन दगा देत नाही असा त्यांचा अनुभव. विक्रम किर्लोस्कर नोव्हेंबर २०२२ मध्ये निवर्तले. भारतीय बाजारातील टोयोटाचा वाटा मारुतीच्या मानाने आजही लहानच आहे, आणि आता सुझुकीशी सहकार्य करून ती परस्परांच्या मोटारी विकते.

टोयोटाची पद्धत निर्दोष आहे असा ग्रह कोणी करून घेऊ नये. जपानी पत्रकार सातोशी कामाता यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी हंगामी मजूर म्हणून तिच्या कारखान्यात राबून तेथील जीवघेण्या वेगाचे वर्णन लिहिले. २०१० साली लाखो मोटारी परत बोलवाव्या लागल्या आणि संस्थापकाचे नातू आकिओ टोयोडा यांना अमेरिकन काँग्रेससमोर क्षमा मागावी लागली. २०२३ च्या अखेरीस तिच्या डायहात्सु या उपकंपनीतील सुरक्षा-चाचण्यांचे खोटे अहवाल उघडकीस आले. बिडदीतही २००६, २०१४ आणि २०२० साली टाळेबंदी झाली, आणि तेथील तक्रार बहुधा कामाच्या वेगाची व वागणुकीची होती. दोरी टांगून ठेवली पण ती ओढण्याची भीती वाटली, तर जपानी कंपनीतही कुर्ल्याचीच पुनरावृत्ती होते.

३१ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र सरकार आणि टोयोटा किर्लोस्कर यांच्यात छत्रपती संभाजीनगर येथे सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या नव्या कारखान्याचा सामंजस्य करार झाला. बिडकीनच्या औद्योगिक क्षेत्रात तो उभा राहावयाचा आहे. ठाणे जिल्हा सोडून ही निवड तेथे का झाली, याचे उत्तर जमिनीच्या भावात अंशतः आहे. परंतु १९८५ साली बजाजने संभाजीनगरजवळच्या वाळूजला कारखाना काढला, त्याच वर्षी एन्ड्युरन्स आणि पुढे व्हॅरॉक यांसारखे पुरवठादार तेथेच जन्मून जागतिक दर्जाला पोहोचले, आणि चार दशके टिकलेल्या मागणीने तेथे जो परिघ तयार झाला तो आता मोटारीला आयता मिळत आहे, हे कारण मला अधिक वजनदार वाटते. मराठवाड्याला हे मिळते याचा ठाणेकराने आनंदच मानावा. शिवाय समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून संभाजीनगरची वाट थेट भिवंडी तालुक्यातील आमण्यापर्यंत येऊन पोहोचली आहे, आणि अंबरनाथ किंवा वागळे इस्टेटच्या गाळ्यात तयार झालेला भाग काही तासांत बिडकीनला पोहोचू शकतो. सरकारने करारनाम्यात गुंतवणूक आणि नोकऱ्या यांचे आकडे मागितले, तसेच राज्यातील लहान कारखानदारांकडून कोणते भाग, किती वर्षांच्या मुदतीने घेतले जातील आणि त्यांना शिकविण्यास कंपनीचे किती अभियंते येतील, हेही आताच लेखी मागावे. वसाहतीतील गाळा विकून टाकावा की नवे यंत्र आणावे, याचा हिशेब करीत बसलेल्या कारखानदाराचा निर्णय त्या उत्तरावर अवलंबून आहे.